माझ्याच मशीनवर का चालत नाही? पायथन आणि सीचे पहिले सराव विंडोज, मॅक किंवा उबंटूवर अडले तर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

प्रोग्राम तोच, अक्षर न् अक्षर तोच. लॅबमधल्या विंडोजवर चालतो, घरच्या उबंटूवर चालत नाही. मैत्रिणीच्या मॅकवर बरोबर उत्तर देतो, तुमच्याकडे भलतंच. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात: कोडमध्ये काहीबाही बदलत बसतात, नाहीतर पायथन काढून पुन्हा टाकतात. दोन्हींनी गुंता वाढतो. पहिल्याने चालणारा कोडही बिघडतो, दुसऱ्याने मशीनवर दोन-तीन पायथन गोळा होतात.

म्हणून इथे भर क्रमावर आहे. आधी तक्रार कोण करतंय ते बघायचं, मग कोणता पायथन किंवा कंपायलर चालतोय, मग फोल्डर, मग फाइल, मग फाइलमधला मजकूर. कोडला हात सगळ्यात शेवटी.

आज्ञा इथे फोनवर सांगाव्यात तशा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: दहा मिनिटं, एकदाच

१. सरावाचं फोल्डर. नाव रोमन, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता: उदाहरणार्थ "सराव१". डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोजवर वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपचा खरा पत्ता वनड्राइव्हच्या पोटात असू शकतो आणि मग पुस्तकातला पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, जुळत नाही. मॅकवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या तीन फोल्डरांत शिरायला टर्मिनलला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) परवानगी लागते. ती एकदा नाकारली की "ऑपरेशन नॉट परमिटेड" येत राहतं. विंडोजवर सी ड्राइव्हमधलं तुमच्या नावाचं फोल्डर, मॅक आणि उबंटूवर होम फोल्डर. तिथेच "सराव१" बनवा.

२. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग, दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत शो, आणि त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स.

३. चाचणीची फाइल. फक्त दोन ओळींची: पहिलीत प्रिंट करून "ठीक", दुसरीत प्रिंट करून १ + १. नाव "तपास.पीवाय". पुढे शंका आली की मोठा प्रोग्राम नाही, ही फाइल चालवून बघायची. ही चालत नसेल तर दोष तुमच्या कोडमध्ये नाहीच.

## पायरी १: तक्रार कोण करतंय?

लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करायची सवय सोडा. पायथनमध्ये एररची शेवटची ओळ आधी वाचा, सीमध्ये पहिली. सीचा कंपायलर एका विसरलेल्या अर्धविरामावरून दहा तक्रारी करतो आणि त्यातली पहिलीच खरी असते.

मग ठरवा, बोलणारा कोण आहे:

- टर्मिनल बोलतंय. "कमांड नॉट फाउंड", "इज नॉट रेकग्नाइज्ड", "परमिशन डिनाइड". तुमचा प्रोग्राम अजून सुरूच झालेला नाही. कोड उघडू नका; पायरी २ आणि ३.
- पायथन किंवा कंपायलर बोलतोय. ओळीचा क्रमांक आणि फाइलचं नाव येतं. "सिंटॅक्स एरर" असेल तर पायरी ४, "फाइल नॉट फाउंड एरर" असेल तर ३ आणि ५, "युनिकोड" हा शब्द दिसला तर ५ आणि ६, "मॉड्यूल नॉट फाउंड" तर ७.
- कोणीच काही बोलत नाही, पण उत्तर चुकलंय. पायरी ८ आणि ९.

इथे हमखास फसवणारी एक जागा आहे. टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला >>> दिसत असेल तर तुम्ही पायथनच्या आत आहात. तिथे "पायथन तपास.पीवाय" टाइप केलं की सिंटॅक्स एररच येणार, कारण ती आज्ञा टर्मिनलची आहे, पायथनची नव्हे. एक्झिट आणि रिकामा कंस टाइप करून एंटर मारा, बाहेर या, मग आज्ञा द्या.

## पायरी २: नेमका कोणता पायथन चालतोय?

तीन सिस्टिमवर पायथनला तीन वेगळ्या हाका माराव्या लागतात, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात.

विंडोज. आधी "पीवाय --व्हर्जन" टाइप करा. पायथनच्या अधिकृत साइटवरून नेहमीच्या इन्स्टॉलरने पायथन टाकला असेल तर ही दोन अक्षरी आज्ञा बहुतेक वेळा चालतेच, कारण तिला पाथची सेटिंग (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी) लागत नाही. "पायथन" ही पूर्ण आज्ञा मात्र इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी असलेल्या "अ‍ॅड पायथन टू पाथ" या चौकोनात टिक केली असेल तरच चालते. ती टिक आपोआप केलेली नसते.

"पायथन" टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडत असेल तर ते विंडोजने ठेवलेलं एक पोकळ नाव आहे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅप सेटिंग्ज, अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस इथे जाऊन पायथनसमोरची दोन्ही बटणं बंद करा.

मॅक. आज्ञा "पायथन३". नुसतं "पायथन" चालत नाही. मॅकसोबत येणारा जुना पायथन २.७ हा २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ पासून काढून टाकलाय. पहिल्यांदा "पायथन३" टाइप केल्यावर कमांड लाइन डेव्हलपर टूल्स टाकायचे का असं विचारणारी खिडकी आली तर हो म्हणा. सीचा कंपायलरही त्याच डाउनलोडमध्ये येतो.

उबंटू. इथेही "पायथन३", आणि तो आधीपासून असतोच. "पायथन" हेच नाव हवं असेल तर "पायथन-इज-पायथन३" नावाचं छोटं पॅकेज आहे.

> सावध: उबंटूवर सिस्टिमचा पायथन३ काढून टाकू नका, "नव्याने टाकतो" म्हणूनसुद्धा नाही. डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्याच्यावर चालतात. तो गेला की पुढच्या वेळी लॉगिनचा पडदाही येईल याची खात्री नाही.

एकाहून जास्त पायथन आहेत का, हे बघायला मॅक आणि उबंटूवर "व्हिच -ए पायथन३", विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (हे विंडोजचं जुनं टर्मिनल, पॉवरशेल हे नवं) "व्हेअर पायथन". पॉवरशेलमध्ये मात्र "व्हेअर" हे दुसऱ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे, तिथे "व्हेअर.ईएक्सई पायथन" असं पूर्ण लिहा, नाहीतर काहीच न छापता प्रॉम्प्ट परत येतो आणि पायथन नाहीच असा गैरसमज होतो.

तपासणी: व्हर्जन ३ ने सुरू व्हायला हवी. पाथ बदलला असेल तर जुनं टर्मिनल बंद करून नवं उघडा. व्हीएस कोड या एडिटरच्या आतलं टर्मिनल असेल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा. उघड्या खिडकीला बदललेला पाथ कळत नाही. पाथ दुरुस्त करूनही "चालत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात.

व्हीएस कोड वापरत असाल तर उजव्या कोपऱ्यात खाली कोणती व्हर्जन दिसते तीही बघा. टर्मिनलमध्ये एक पायथन आणि व्हीएस कोडच्या बटणामागे दुसराच, असं सर्रास असतं. त्या आकड्यावर क्लिक करून योग्य पायथन निवडता येतो.

## पायरी ३: तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहात?

"कान्ट ओपन फाइल" किंवा "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" याचा अर्थ फाइल हरवली असा नाही. टर्मिनल ती दुसऱ्या फोल्डरमध्ये शोधतंय, एवढंच.

उभे कुठे आहात हे कळायला मॅक आणि उबंटूवर "पीडब्ल्यूडी", कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं "सीडी". तिथे काय काय आहे ते बघायला "एलएस", कमांड प्रॉम्प्टमध्ये "डीआयआर". पॉवरशेलमध्ये पीडब्ल्यूडी, एलएस आणि डीआयआर तिन्ही चालतात.

योग्य फोल्डरमध्ये जायचा सोपा रस्ता:

- विंडोज: एक्स्प्लोररमध्ये फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत "सीएमडी" टाइप करून एंटर. टर्मिनल तिथेच उघडतं.
- मॅक: टर्मिनलमध्ये "सीडी" आणि एक जागा टाइप करा, मग फाइंडरमधून फोल्डर उचलून टर्मिनलवर सोडा आणि एंटर.
- उबंटू: फोल्डरच्या आत रिकाम्या जागी राइट क्लिक, ओपन इन टर्मिनल.

कमांड प्रॉम्प्टमध्ये सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर जायला नुसतं "सीडी" पुरत नाही. एरर येत नाही, पण तुम्ही जिथल्या तिथेच राहता. "सीडी /डी" आणि मग पूर्ण पत्ता द्या.

प्रोग्राम एखादी डेटा फाइल उघडत असेल तर आणखी एक मेख आहे. आयडलमध्ये (पायथनसोबत येणाऱ्या एडिटरमध्ये) एफ५ दाबलं की प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधून चालतो. व्हीएस कोड मात्र तुम्ही उघडलेल्या फोल्डरपासून शोध सुरू करतो. "सराव१" च्या पोटातली फाइल चालवताना वरचं मोठं फोल्डर उघडलेलं असेल, तर आयडलमध्ये चाललेला प्रोग्राम व्हीएस कोडमध्ये "फाइल नॉट फाउंड" म्हणणार. ओपन फोल्डर करून नेमकं "सराव१" उघडा.

## पायरी ४: फाइल खरंच तीच आहे का?

नाव. नोटपॅडने "तपास.पीवाय.टीएक्सटी" करून ठेवलं असेल. एक्स्टेन्शन दिसू लागल्यावर हे लगेच कळतं. सेव्ह करताना सेव्ह अ‍ॅज टाइपमध्ये ऑल फाइल्स निवडा.

प्रकार. मॅकच्या टेक्स्टएडिटमध्ये फाइल मुळात रिच टेक्स्ट असते. फॉरमॅट मेनूत मेक प्लेन टेक्स्ट करा. खरं सांगायचं तर टेक्स्टएडिटमध्ये कोड लिहूच नका. आयडल किंवा व्हीएस कोड वापरा.

झिप. विंडोजमध्ये झिपवर डबल क्लिक केलं की ती फोल्डरसारखीच उघडते आणि आतली फाइल चालतेही. पण तेव्हा ती एकटीच तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते, शेजारची डेटा फाइल मागे राहते. आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल, मग बाकीचं.

सेव्ह. व्हीएस कोडमध्ये टॅबवर बंद करण्याच्या फुलीऐवजी भरीव टिंब दिसत असेल तर फाइल सेव्ह झालेली नाही. सीमध्ये याची गंमत बघण्यासारखी असते: नवी फाइल सेव्ह न करता कंपाइल केली की डिस्कवरची रिकामी फाइल कंपाइल होते. मग विंडोजवरचा मिनजीडब्ल्यू (जीसीसी या सी कंपायलरचं विंडोजवरचं रूप) "अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन" म्हणतो, उबंटू "अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन" म्हणतो आणि मॅक "अनडिफाइन्ड सिम्बल्स" म्हणतो. चूक एकच, उपायही एकच: कंट्रोल-एस, मॅकवर कमांड-एस.

अवतरण चिन्हं. पीडीएफ, वर्ड किंवा चॅटमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वाकडी चिन्हं येतात. पायथन "इनव्हॅलिड कॅरेक्टर" म्हणून सांगतो आणि पुढे यू+२०१सी असा संकेत देतो. "नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+००ए०" आलं तर ओळीत साध्या जागेसारखी दिसणारी पण वेगळीच जागा घुसलेली आहे. डोळ्यांनी ती सापडणार नाही. ती ओळ पूर्ण खोडून हाताने टाइप करा.

कीबोर्ड. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि कोडमध्ये १२ असा देवनागरी आकडा गेला तर पायथन तो नाकारतो. मात्र प्रोग्राम चालू असताना इनपुट म्हणून १२ दिलं आणि इंट वापरून त्याचं रूपांतर केलं, तर तो बिनतक्रार स्वीकारतो. सीचा स्कॅनएफ ते करत नाही.

## पायरी ५: पाथ, तिरक्या रेघा, लहान-मोठी अक्षरं

विंडोजचा पाथ जसाच्या तसा अवतरणात चिकटवला की घात होतो. पायथन आणि सी दोन्हींत \ या चिन्हामागून येणाऱ्या अक्षराला खास अर्थ असतो: एन आलं की नवी ओळ, टी आलं की टॅब. सी ड्राइव्हच्या "यूजर्स" फोल्डरचा पाथ लिहिला की पायथनला \ नंतर मोठं यू दिसतं, पुढे आठ अंकी संकेत येणार असं तो समजतो, तो येत नाही म्हणून "युनिकोड एरर" देतो. हा एरर भाषेचा किंवा फॉन्टचा नसून निव्वळ पाथचा आहे.

उपाय: सगळीकडे / ही पुढे झुकलेली रेघ वापरा. पायथनमध्ये ती विंडोजवरही चालते. त्याहून बरं म्हणजे डेटा फाइल प्रोग्रामच्या शेजारी ठेवा आणि नुसतं नाव लिहा. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पाथ दुसऱ्याच्या मशीनवर चालणारच नाही.

दुसरा भाग लहान-मोठ्या अक्षरांचा. फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं, कोडमध्ये लहान. विंडोज आणि मॅक नेहमीच्या सेटिंगमध्ये हे चालवून घेतात, उबंटूसाठी त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. घरी विंडोजवर चाललेलं असाइनमेंट लिनक्स सर्व्हरवर तपासताना पडतं, त्यात हे कारण वारंवार सापडतं.

तपासणी: "एलएस" किंवा "डीआयआर" ने दाखवलेलं नाव कॉपी करून कोडमध्ये चिकटवा. आठवणीतून टाइप करू नका.

## पायरी ६: मराठी मजकूर, सीएसव्ही आणि ओळींचे शेवट

मराठीत डेटा असला की ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. मॅक आणि उबंटूवर पायथन फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची पद्धत) समजून उघडतो. विंडोजवर पायथन ३.१४ पर्यंत तो मशीनची जुनी कोड पेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याचा जुना तक्ता, घेतो, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती बहुधा १२५२ असते.

परिणाम विचित्र दिसतो. एका फाइलीत जिल्ह्यांची नावं आहेत असं समजा. "पुणे" असेल तर एरर येतो: "चार्मॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट". "कोल्हापूर" असेल तरी येतो. पण नुसतं "सातारा" किंवा "नाशिक" असेल तर एरर येत नाही, फक्त कचरा अक्षरं छापली जातात. कारण असं: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि हलन्ताचा ८डी, आणि हे दोन्ही १२५२ च्या तक्त्यात रिकामे आहेत. तिथे पायथन अडखळतो. सातारा आणि नाशिक या शब्दांतले सगळे बाइट तक्त्यात सापडतात, म्हणून तो चुकीचं वाचून पुढे जातो. तेव्हा एरर आला नाही म्हणजे वाचन बरोबर झालं, असं धरू नका.

उपाय: ओपन करताना दरवेळी एनकोडिंग म्हणून "यूटीएफ-८" स्पष्ट लिहा, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. तिन्ही सिस्टिमवर चालतं.

तपासणी: फाइलीतून वाचलेल्या "सातारा" ची, स्ट्रिप करून, लांबी छापा. ६ आली तर ठीक. १८ आली तर फाइल अजून चुकीच्या तक्त्यानेच वाचली जातेय.

एक्सेलमधून सीएसव्ही काढताना साध्या "सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड" ऐवजी "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडा. साध्या पर्यायात मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं जातात, आणि ती फाइलीतच गेल्यामुळे कोणत्याही कोडने परत येत नाहीत. मूळ एक्सेल फाइल ठेवली असेल तरच वाचलात. यूटीएफ-८ पर्यायात एक्सेल फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं, म्हणून पहिल्या रकान्याचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही "की एरर" येतो. तिथे एनकोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या.

पायथनने विंडोजवर सीएसव्ही लिहिल्यावर एकाआड एक रिकामी ओळ येत असेल तर ओपनमध्ये न्यूलाइनला रिकामं अवतरण द्या.

ओळींचे शेवट: विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं, मॅक आणि उबंटू एकच. पायथन हे वाचताना स्वतः सांभाळून घेतो. सी आणि शेल स्क्रिप्ट सांभाळत नाहीत. विंडोजवर बनवलेली नावांची फाइल उबंटूवर सीच्या एफगेट्सने वाचली की प्रत्येक नावाच्या शेवटी एक \आर उरतो. तुलना जुळत नाही, आणि नाव छापून पुढे काही छापलं तर ते ओळीच्या सुरुवातीलाच, नावावर चढून येतं. शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) असेल तर बऱ्याचदा "बॅड इंटरप्रिटर" आणि त्यात ^एम दिसतं. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे "सीआरएलएफ" लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून "एलएफ" निवडा आणि सेव्ह करा.

## पायरी ७: पॅकेज टाकलं, तरी "मॉड्यूल नॉट फाउंड"

पिप (पायथनची पॅकेजं टाकणारा प्रोग्राम) एका पायथनचा, तुमचा प्रोग्राम दुसऱ्या पायथनवर. नुसतं "पिप इन्स्टॉल" लिहूच नका. ज्या हाकेने प्रोग्राम चालवता त्याच हाकेने पॅकेज टाका: विंडोजवर "पीवाय -एम पिप इन्स्टॉल" आणि पॅकेजचं नाव, मॅक आणि उबंटूवर "पायथन३ -एम पिप इन्स्टॉल".

उबंटू २३.०४ पासून याला "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असं उत्तर मिळतं. तो बिघाड नाही, सिस्टिमच्या पायथनचं संरक्षण आहे. एपीटीने (उबंटूच्या पॅकेज टाकायच्या आज्ञेने) "पायथन३-व्हीईएनव्ही" पॅकेज टाका, ते या फोल्डरपुरता वेगळा पायथन बनवतं. मग सरावाच्या फोल्डरमध्ये "पायथन३ -एम व्हीईएनव्ही .व्हीईएनव्ही", आणि नंतर "सोर्स .व्हीईएनव्ही/बिन/अ‍ॅक्टिव्हेट". विंडोजवर शेवटची आज्ञा ".व्हीईएनव्ही\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट". पॉवरशेल "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड" म्हणत असेल तर तीच आज्ञा कमांड प्रॉम्प्टमध्ये द्या. पॉवरशेलची पॉलिसी बदलण्यापेक्षा नवशिक्यासाठी ते बरं. मग पॅकेज टाकायची आज्ञा पुन्हा द्या.

टीकेइंटर (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायचं मॉड्यूल) उबंटूवर वेगळं टाकावं लागतं, तेही पिपने नव्हे: एपीटीने, "पायथन३-टीके".

आणि पॅकेज टाकण्याआधी एकदा बघा, तुमच्याच फाइलीचं नाव "रँडम.पीवाय" किंवा "टर्टल.पीवाय" तर नाही ना. तसं असेल तर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमची फाइल उचलतो. हे तिन्ही सिस्टिमवर सारखंच होतं.

## पायरी ८: सीचे सराव

चालवण्याची आज्ञा. कंपाइल करताना "-ओ" देऊन नाव स्वतः ठेवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं नाव, पॉवरशेलमध्ये आधी .\ आणि मॅक-उबंटूवर आधी ./ लावून नाव. प्रोग्रामला "टेस्ट" हे नाव देऊ नका: मॅक आणि उबंटूच्या टर्मिनलची त्याच नावाची स्वतःची आज्ञा आहे, आणि ./ विसरलात की ती चालते, काहीही न छापता संपते. लोक तासभर प्रिंटएफमध्ये चूक शोधतात.

"परमिशन डिनाइड", तेही कंपाइल करताना, विंडोजवर. मागच्या वेळचा प्रोग्राम अजून चालू आहे, म्हणून त्याच नावाची ईएक्सई फाइल पुन्हा लिहिता येत नाही. ती खिडकी शोधून कंट्रोल-सी दाबा.

वर्गमूळ. उबंटूवर "अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी" आलं तर कंपाइलच्या आज्ञेत "-एलएम" द्या, आणि तेही फाइलच्या नावानंतर. मॅकवर आणि मिनजीडब्ल्यूवर त्याची गरज पडत नाही. उबंटूवरही कंसात थेट २५ लिहिलं तर चालतं, व्हेरिएबल लिहिलं की अडतं. कारण पंचवीसचं उत्तर जीसीसी कंपाइल करतानाच काढून टाकतो.

टर्बो सीची वही. ज्या लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे तिथला कोड घरच्या जीसीसीवर थेट चालत नाही. कोनिओ.एच काढा, क्लिअरएससीआर काढा, गेटसीएचच्या जागी गेटचार, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन. एफफ्लश(एसटीडीइन) उबंटूवर उपयोगाचं नाही. एंटरचं उरलेलं चिन्ह गिळायला स्कॅनएफमध्ये %सी च्या आधी एक जागा सोडा. आणि हेडर विसरलात तर लॅबमधला जुना कंपायलर इशारा देऊन पुढे जाईल, पण जीसीसी १४ आणि मॅकवरचा सध्याचा कंपायलर क्लँग त्याला थेट एरर मानतात. कोड तोच, कंपायलर कडक झाला.

फॅक्टोरियल. उत्तरं वेगळी येण्याचं हे सगळ्यात लख्ख उदाहरण. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटांचा, कमाल ३२७६७. म्हणून ८ चा फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी -२५२१६ येतो. जीसीसीत इंट चार बाइटांचा, त्यामुळे १२ पर्यंत ठीक चालतं. १३ साठी लाँग वापरला तर उबंटू आणि मॅकवर ६२२७०२०८०० हे बरोबर उत्तर येतं आणि विंडोजवर १९३२०५३५०४, कारण ६४ बिटच्या विंडोजवरही लाँग चारच बाइटांचा आहे. लाँग लाँग वापरा, छापताना %एलएलडी. २० च्या फॅक्टोरियलपर्यंत तिन्हीकडे सारखं उत्तर मिळेल.

## पायरी ९: आता कोड

इथवर सगळं बरोबर असेल तरच कोड उघडा. मशीन बदलल्यावर उत्तर बदलतं, याची नेहमीची कारणं:

1. सुरुवातीची किंमत दिलेली नाही. सीमध्ये बेरजेच्या व्हेरिएबलला शून्य दिलं नाही तर लॅबमध्ये नशिबाने शून्य मिळतं, घरी कचरा. कंपाइल करताना "-वॉल" द्या (डब्ल्यू मोठा), इशारा बहुधा येतो.
2. फाइलींच्या यादीचा क्रम. पायथनची ओएस.लिस्टडीआयआर कोणत्याही ठराविक क्रमाची हमी देत नाही. सॉर्टेड लावा. मॅकवर एक फाइल जास्त मोजली जात असेल तर ती फाइंडरने ठेवलेली .डीएस_स्टोअर आहे.
3. पडदा पुसणं. "सीएलएस" विंडोजचं, "क्लिअर" बाकीच्यांचं. सरावात पडदा पुसूच नका. एररही त्यासोबत पुसला जातो.
4. इनपुट संपवणं. विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर, मॅक-उबंटूवर कंट्रोल-डी. मॅक किंवा उबंटूवर कंट्रोल-झेड दाबलं तर प्रोग्राम संपत नाही, नुसता थांबून मागे पडून राहतो. "एफजी" टाइप करून तो परत आणता येतो.

विंडोजवर फाइलीवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी येऊन लगेच जाते, हा बिघाडच नाही. प्रोग्राम चालला आणि संपला. टर्मिनलमधून चालवा.

उलट काही चुका सिस्टिमच्या माथी मारल्या जातात, पण त्या तिन्हीकडे सारख्याच आहेत: टॅब आणि जागा यांची सरमिसळ, इनपुटला इंट न लावता केलेली बेरीज, इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह. या चुकांसाठी मशीन बदलून काही होणार नाही.

## मदत मागताना काय द्यायचं

पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नका. त्यातला कोड कोणाला चालवून बघता येत नाही, आणि बहुतेक वेळा एररची नेमकी ओळच कापलेली असते. मजकूर कॉपी करून द्या, या क्रमाने:

1. सिस्टिम आणि तिची व्हर्जन. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट की पॉवरशेल.
2. "पीवाय --व्हर्जन", "पायथन३ --व्हर्जन" किंवा "जीसीसी --व्हर्जन" चं उत्तर.
3. तुम्ही टाइप केलेली आज्ञा, जशीच्या तशी.
4. पूर्ण एरर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.
5. "एलएस" किंवा "डीआयआर" चं उत्तर.
6. एरर देणारा कमीत कमी कोड. अडचणीशी संबंध नसलेल्या ओळी काढून टाका आणि दरवेळी पुन्हा चालवून बघा. ज्या ओळीनंतर एरर गायब होईल ती परत घाला. शोध तिथूनच सुरू करायचा.

कोड चॅटमध्ये ओळींत चिकटवण्याऐवजी फाइल म्हणून जोडा. चिकटवलेल्या पायथनमधल्या सुरुवातीच्या जागा वाटेत गळून जाऊ शकतात, आणि मग मदत करणाऱ्याला तुमच्या मूळ चुकीऐवजी इंडेंटेशनचा एरर दिसतो.